माझ्या अकडसासूचा गोल

माणसाला दोन पाय असतात हे मला लग्नाआधीही माहीत होतं. पण ते कशासाठी दिलेले असतात, हे मला माझ्या अकडसासूनं दाखवलं. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्या वऱ्हाडात अकडसासू म्हणतात. जावयाला सासूनं जेवढं धाकात ठेवायचं, त्याहून थोडं जास्त अकडसासूनं ठेवावं, अशी रीत आहे. माझ्या सासूबाई मी जावई होण्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे दोघींच्या वाट्याचा धाक एकट्या ताईकडे आला होता. त्यात ही बाई देशाच्या महिला फुटबॉल संघाची फॉरवर्ड. कुठल्या कुठल्या देशांच्या गोलकीपर जिला येताना पाहून दोन पावलं मागे सरकायच्या, तिच्यासमोर अमरावतीच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरानं ताठ बसून चहा कसा प्यावा? लग्नानंतर बराच काळ मी तिच्यासमोर निम्मा चहा बशीत आणि निम्मा शर्टावर असाच प्यालो.

सासरे फुलांची शेती करायचे. अकोल्याच्या कडेला, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा शेवंती-निशिगंधाचा मळा होता आणि मळ्याला लागूनच कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग होतं. कापसाच्या दिवसांत तिथल्या आवारात घराएवढ्या गंज्या लागत आणि त्या गंज्यांच्या मधल्या बोळांतून ताई परकर खोचून बॉल खेळत मोठी झाली. जिनिंगच्या शेठजींची अट एकच होती : बॉल कापसावर गेला की खेळ कायमचा बंद. मातीनं भरलेला बॉल पांढऱ्याशुभ्र कापसावर आपटला तर भाव कोण देणार? जिनाचे चौकीदार चाचा तरुणपणी अकोल्याच्या मैदानांवर अनवाणी फुटबॉल खेळलेले होते. तेच ताईचे गोलकीपर आणि तेच कापसाचे पहारेकरी. बॉल गुडघ्याच्या वर उठला रे उठला, की चाचा गोल अडवायचं सोडून शिटी फुंकत आणि "बेटी, नीचे! सेठ मेरी नौकरी खा जायेगा!" म्हणून ओरडत. म्हणून ताईचा बॉल कधी उठलाच नाही. तो जमिनीला धरून, गवताची टोकं हलवत जायचा आणि कोपऱ्यात शिरायचा. गोलकीपर हवेत उडी मारून खाली येईपर्यंत बॉल जाळ्यात जाऊन थंड झालेला असायचा. पुढे देशाच्या शिबिरात कोचनं विचारलं, की असा फटका कुठल्या अकादमीत शिकलीस? ताई म्हणाली, "कापसात." कोचला वाटलं, वऱ्हाडात कापसात नावाचं गाव असेल.

तिच्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्याबरोबर रस्त्यानं चाललं तरी कळायचं की ही बाई काहीतरी वेगळं पाहते. एकदा आम्ही सगळे गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या दिवशी गेलो. माणूस माणसाला चिकटलेला. मी, माझी बायको, सासरे, सगळे गर्दीत अडकून घामाघूम. ताई मात्र शांतपणे तिरकी तिरकी चालत गेली, कुणाला तिचा खांदासुद्धा लागला नाही, आणि आम्ही पोचलो तेव्हा ती महाप्रसाद घेऊन, द्रोण धुऊन, सावलीत बसली होती. मी विचारलं, "ताई, जादू केली का?" तर म्हणाली, "जवाईबापू, जागा उघडत असते. आपुन फक्त तिथं पयले जाऊन उभं राहा लागते." एस.टी. स्टँडवर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. पंगतीत तर ती वाढप्याच्या आधी बुंदीच्या दिशेनं वळलेली असायची. मी पुष्कळदा तिच्या मागे मागे जाऊन पाहिलं, पण मी पोचेपर्यंत जागा बंद झालेली असे आणि माझ्या पायावर कुणीतरी उभं असे.

जगाचा भूगोल ती गोलकीपरांवरून ओळखायची. टीव्हीवर एखाद्या देशात भूकंप झाल्याची बातमी लागली की ही हळहळायची आणि म्हणायची, "अरेरे, तिथची गोलकीपर चांगली होती बिचारी. डाव्या बाजूले थोडी कच्ची होती, पण स्वभावानं लय गुणाची." माझ्या लेकीनं शाळेत उझबेकिस्तानची माहिती म्हणून 'तिथे उंच बायका राहतात व त्या कॉर्नरला पुढे येत नाहीत' असं लिहिलं होतं. लग्नाबद्दलही तिचा हिशेब निराळा. एकदा बघायला आलेल्या मंडळींपैकी एका म्हाताऱ्या बाईनं जुन्या रीतीप्रमाणे "मुलगी जरा चालून दाखव" असं सांगितलं. ताई म्हणाली, "पयून दाखवू का?" आणि जी पळाली ती मळ्याच्या टोकापर्यंत गेली आणि पाहुणे चहा पिऊन निघून जाईपर्यंत परत आली नाही. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. म्हातारी मात्र जाता जाता म्हणाली, "पायात काही दोष नाही बापा पोरीच्या."

आमच्या लग्नात तर तिनं कहर केला. नवरीनं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं हळूच लवंडून आत यायचं असतं. ताईनं आदल्या दिवशी बहिणीला मळ्यात नेऊन त्याची प्रॅक्टिस करवून घेतली. "अंगठ्यानं नाही मारायचं, आतल्या बाजूनं. नजर मापावर ठेव." दुसऱ्या दिवशी अमरावतीत आमच्या दारात माझ्या बायकोनं पाय लावला आणि ते माप तांदळाची रेघ काढत, तीन मावश्यांच्या मधून, थेट देवघरासमोर जाऊन थांबलं. आमची आई हात जोडून उभी होती ती तशीच राहिली. मागून ताईचा आवाज आला, "शाब्बास!" अशी लक्ष्मी घरात आलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. देशासाठी सर्वांत जास्त गोल कुणाचे, तर पूर्वीच्या एका बंगाली खेळाडूचे, असं तोवर होतं. गोल करता करता ताई तिच्या बरोबरीला आली. आता एक गोल झाला की विक्रम ताईचा. त्या वर्षांत आमच्या अमरावती-अकोल्याची नावं पेपरात रोज पहिल्या पानावर यायची, आणि कशासाठी यायची ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी पेपर उघडला की आणखी एका शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची. अशात एक दिवस बातमी आली की परदेशातल्या सामन्यात ताईचा गोल झाला, विक्रम झाला. अकोला वेडं झालं. माणसं चांगल्या बातमीला किती भुकेली होती हे मी त्या दिवशी पाहिलं. बँड ठरला, उघडी जीप आली. मी रात्रंदिवस खपून 'सर्वाधिक गोल करणारी वऱ्हाडकन्या' असा दहा हात लांब कापडी फलक रंगवला. सासऱ्यांनी मळ्यातली उत्तम शेवंती खुडून स्वतःच्या हातानं हार गुंफला.

गाडी अकोल्याला लागली. ताई डब्याच्या दारात आली, तिनं बँड पाहिला, फलक वाचला, सासऱ्यांच्या हातातला हार पाहिला, आणि पायरीवरूनच म्हणाली, "बाबा, ह्यो गोल माह्या नाही."

बँड थांबला. ती म्हणाली, "म्या मारला खरा, पण मधात आपल्या सेमाडोहच्या पोरीच्या नडगीले लागून गेला. नाईतर बाहीरच चालला होता. मॅनेजरबाईले म्या तिथंच सांगतलं, त्यायनं आयकलं नाही." सेमाडोहची ती पोरगी मेळघाटातून पहिल्यांदाच देशाच्या संघात आलेली, अजून लाजाळू, बडनेऱ्याला उतरायची म्हणून त्याच डब्यात खिडकीशी बसलेली. बँडवाला पिपाणी तोंडाशी धरून हळूच म्हणाला, "मंग वाजवू का नोको, ताई?" ताई त्याच्यावरच उखडली. "वाजवा ना! गोल तं झाला ना आपला! कावून गप बसले?" तेवढ्यात गाडी हलली. ताईनं खाली उतरून सासऱ्यांच्या हातातला हार घेतला, फलाटावरून दोन ढांगांत खिडकी गाठली आणि गजांमधून हात घालून तो त्या पोरीच्या गळ्यात कसाबसा अडकवला. बँड वाजत राहिला, पोरगी घाबरून पाहत राहिली आणि गाडी तिला घेऊन बडनेऱ्याकडे निघून गेली. आम्ही रिकामी जीप घेऊन घरी आलो.

पुढे मॅनेजरबाईंच्या मागे लागून लागून ताईनं तो गोल त्या पोरीच्या नावावर करवून घेतला, तेव्हाच तिला झोप लागली. गावाची झोप मात्र गेली. कुणी म्हणे, खुळी आहे. कुणी म्हणे, नडगीला लागला तर काय झालं, नडगी काय सांगायला येणार होती? मलाही मनातून राग आला होता. खोटं कशाला बोलू, त्या फलकावर माझी सुट्टी गेली होती.  सासऱ्यांनी तो फलक उचलला आणि ऊन लागू नये म्हणून निशिगंधाच्या टोपल्यांवर टाकला.

खरी अडचण नंतर कळली. महिला संघाला त्या काळी सामनेच मिळत नसत. पुरुषांचा संघ हरायला का होईना पण जायचा; बायकांचा संघ घरीच बसून असायचा. एका गोलासाठी एक तरी सामना हवा, आणि सामना कधी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईला रेल्वेत खेळाडू म्हणून बडनेऱ्याला नोकरी होती. रोज पॅसेंजरनं जायची, यायची आणि उजेड असेतो जिनात बॉल मारायची. तिचा गुडघा सकाळी उठताना कुरकुरू लागला होता. ती स्वतः बोलत नसे, पण माझी बायको एकदा मला म्हणाली, "ताईले एक मॅच भेटली पाह्यजे हो. एकच." मी ड्रॉइंग मास्तर, मी कुठून मॅच आणणार?

त्यातच जिनिंग बंद पडलं. कापूसच इतका कमी येऊ लागला की शेठजींनी यंत्रांवर ताडपत्री टाकली आणि फाटकाला कुलूप लावलं. आवार सताड मोकळं झालं. चाचांची नोकरी फाटकाची किल्ली सांभाळण्यापुरती राहिली. आम्हाला वाटलं, चला, ताईला आता हवं तेवढं मैदान मिळालं. आणि तिथेच घोळ झाला. गंज्या नाहीत म्हटल्यावर ताईचा बॉल उठायला लागला. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग सरळ टिनाच्या छपरावर धडाम! जन्मभर ज्या फटक्यानं तिला देशात नाव दिलं, तो फटका कापसाबरोबर निघून गेला. ताई वजनकाट्याच्या ओट्यावर डोकं धरून बसली. चाचा तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "कपास गया तो तेरा डर भी चला गया, बेटी. डर के बगैर तेरा बॉल जमीन नहीं पकड़ता."

ताई उठली ती थेट गल्लीत गेली. उन्हाळा लागला होता, घरोघरी वाळवणाची तयारी चालली होती. ती दारोदार जाऊन सांगू लागली, "काकू, तुमच्या कुरडया जिनात वायू घाला. गच्चीपेक्षा तिथं ऊन बेस लागते. चाचा राखण करतीन." बायकांना काय, आनंदच झाला. सकाळी सकाळी खाटा निघाल्या, खाटांवर जुनी लुगडी, लुगड्यांवर कुरडया, पापड, सरगुंडे, मूगवड्या. जिनिंगचं आवार पुन्हा पांढरं झालं. आणि सगळं नीट मांडून झाल्यावर ताई बुटाच्या नाड्या आवळत आली.

त्या सकाळी जो गलका झाला तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अकोल्यालाच होतो. गल्लीतल्या मोठ्या काकू, ज्यांच्या हाताच्या कुरडया अख्ख्या वस्तीत नावाजलेल्या, त्या लाटणं उगारून उभ्या राहिल्या. "माह्या कुरडईले बॉल लागला तं तुह्यं रेकॉर्ड गेलं चुलीत!" ताई हात जोडून म्हणाली, "काकू, तेच तं पाह्यजे मले. तुमी अशाच उभ्या राहा." कापसाच्या शेठजीला ती घाबरायची त्याच्या दसपट ती या काकूंना घाबरायची. तरी दुसऱ्याच दिवशी एक बॉल उठला आणि नेमका काकूंच्या खाटेवर, ओल्या कुरडयांच्या मध्यभागी जाऊन बसला. काकूंनी बॉल उचलला आणि घरी नेऊन गव्हाच्या कोठीत टाकून वर झाकण घातलं. देशाची फॉरवर्ड तो सबंध दिवस काकूंच्या ओसरीत बसून सोऱ्या दाबत होती. संध्याकाळी बॉल परत मिळाला. त्यानंतर तो उठला नाही.

हळूहळू बायकांना कळलं की हे काय चाललंय. एका गोलाची गोष्ट आहे आणि तो करायला मिळेल की नाही याचा भरवसा नाही, हे समजल्यावर त्यांचा सूरच बदलला. वाळवण वाळून डब्यात गेलं तरी खाटा हलल्या नाहीत. ज्यांच्या कुरडया संपल्या त्यांनी घरातली धुणी आणून पसरली. संध्याकाळी नळावर भाजीपाल्याचे भाव सोडून चर्चा चाले, "आज एकबी नाही उठला." मोठ्या काकू तर संकष्टीला गणपतीपुढे सांगून आल्या म्हणे, की पोरीला मॅच दे.

पाऊस सरला आणि मॅच आली. ताई जवसाच्या चटणीची पुडी आणि गुडघ्याची पट्टी घेऊन गेली. सामना परदेशात, टीव्हीवर दिसणार नव्हता, आणि पेपरात कधी छापून येईल तेव्हा येईल. आम्ही अमरावतीत फोनजवळ बसून राहिलो. फोन वाजला, मी उचलला, तिकडून ताई म्हणाली, "झाला, जवाईबापू."

"काय झालं, ताई?" माझ्या तोंडून भीतीनं निघून गेलं.

"गोल झाला, दुसरं काय होईन! बाबाले सांगा. काकूले सांगा, खालूनच गेला." आणि फोन कट झाला.  बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि ती मटकन पाटावर बसून रडायला लागली. मी पण रडलो. पस्तिशीचा माणूस, फुटबॉलमधलं काही न कळणारा, फोन हातात धरून रडलो.

या खेपेला स्टेशनवर बँड नव्हता. गावानं एकदा हात पोळून घेतले होते आणि तसंही ते वर्ष वाजवण्याजोगं नव्हतं. आम्ही घरचे, चाचा आणि गल्लीतल्या बायका एवढेच होतो. काकूंनी ताईची दृष्ट काढली. ताई हसत होती. घरी येऊन पाय धुऊन बसल्यावर सासऱ्यांनी तिला विचारलं. आयुष्यात त्यांनी लेकीचा एकही परदेशातला सामना पाहिला नव्हता, पाहणार तरी कसे? त्यांनी फार हौसेनं, लहान मुलासारखं विचारलं, "कसा दिसला गं गोल?"

ताई म्हणाली, "मले नाही दिसला, बाबा. म्या मारला अन् त्यायच्या पोरीनं मले पाडलं. माह्यं तोंड गवतात. आपल्या पोरी अंगावर येऊन पडल्या तवा समजलं का झाला म्हून. खालून गेला हे त्या सेमाडोहच्या पोरीनं सांगतलं." सासऱ्यांनी मान हलवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. स्टेडियम रिकामंच होतं म्हणे. ज्या गोलासाठी अख्खी गल्ली उन्हात उभी राहिली, तो आमच्यापैकी कुणी पाहिला नाही, आणि जिनं केला तिनंही नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, म्हटलं, ताई, सांग, मी चित्र काढतो. ती म्हणाली, "गवत काढा, जवाईबापू. मले तेवढंच माईत हाय."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सासरे गेले, चाचा गेले. ताई निवृत्त झाली, गुडघा बदलला, तरी मोझरीच्या गर्दीत ती अजून माझ्या आधी पोचते. तिचा विक्रम चांगला टिकला. मग परवा तो मोडला. कुठल्याशा डोंगराळ राज्यातली पोरगी, वय असेल विशीच्या आसपास, आणि सामना टीव्हीवर. आम्ही सगळे ताईकडेच होतो. मला टीव्ही बंद करावा की काय असं वाटत होतं. त्या पोरीनं बॉल घेतला, वळली, मारला आणि जाळं हललं. लोकांनी भरलेलं स्टेडियम उठून उभं राहिलं. मग तोच गोल समोरून दाखवला, मागून दाखवला, वरून दाखवला, हळू करून दाखवला. स्टेडियमातल्या मोठ्या पडद्यावरही तो चालू होता आणि ती पोरगी कमरेवर हात ठेवून, मान वर करून, आपलाच गोल पाहत उभी होती.

ताई खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. शेवटपर्यंत तिनं पापणी लवू दिली नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"हिचा सगळ्यायनं पाह्यला, जवाईबापू," ती म्हणाली. "तिनं बी."